खालचा आवाज

घरात तिला बोका म्हणत. मुलगी असून बोका, कारण तान्ही असताना ती इतर बाळांसारखी किंचाळून रडायची नाही, घोगऱ्या आवाजात गुरगुरायची. ते नाव शाळेत कसं पोचलं कोण जाणे, पण पोचलं. पुढे सोळाव्या वर्षी गाणाऱ्या मुलींच्या एका ग्रुपसाठी तिची निवड झाली, तेव्हा कंपनीच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरी काय म्हणतात तुला?" तिनं भाबडेपणानं खरं ते सांगून टाकलं. मॅडम खो खो हसल्या. "हेच राहू दे. लोकांच्या लक्षात राहील."

घराच्या पुढच्या खोलीत आईचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, आणि डोक्यावर घ्यायचा तो मोठा टोपासारखा ड्रायर. आई काम करताना मोठ्यानं गायची. रेडिओवरची गाणी, जाहिरातींतली गाणी, काहीही. शब्द आठवले नाहीत तर समोरच्या गिऱ्हाइकाचं नाव घालायची. आवाज खणखणीत होता, पण सूर कधी जागेवर बसायचा नाही. शाळेतून आलं की बोका बेसिनपाशी उभी राहून बायकांचे केस धुवायची आणि आईच्या सुराच्या खाली आपला सूर लावायची. कुणी शिकवलं नव्हतं. आई वर चढली की ही खाली थांबायची, आई घसरली की हीसुद्धा तिच्यासोबत तेवढीच सरकायची, आणि मग ते घसरणं मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. बायका म्हणायच्या, "काय गाता हो मायलेकी!" त्यावर आई म्हणायची, "गाते मी. ती नुसती गुरगुरते."

ग्रुपमध्येही तिला तेच काम मिळालं. चौघी होत्या. सगळ्यांत मोठीला बाकीच्या ताई म्हणत. मुख्य चाल ती गायची. तिचा आवाज उंच, स्वच्छ, आणि गाताना ती समोरच्या प्रत्येकाकडे आपण त्यालाच ओळखतो असं बघायची. मधल्या दोघी सख्ख्या मैत्रिणी. त्यांना सगळे जोडगोळी म्हणत. त्या नाचायला पटाईत होत्या आणि मधले सूर धरायच्या. सगळ्यांत खाली बोका. ती गायची ते सहसा कुणाला वेगळं ऐकूच यायचं नाही. ती गायची नाही तेव्हा मात्र लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि काय चुकलं ते कळायचं नाही.

फोटोत तिची जागा डावीकडच्या टोकाला. एकदा त्यांची जाहिरात शहरातल्या बसवर लागली. बोक्याचे बाबा बसचे ड्रायव्हर. त्यांच्या वाट्याला नेमकी तीच बस आली आणि डिझेलच्या टाकीचं झाकण नेमकं लेकीच्या गालावर. "रोज तुझ्या गालात डिझेल भरतो," ते फोनवर म्हणायचे. "तक्रार करत नाहीस, शहाणी आहेस."

तक्रार तिला खरंच नव्हती. पाच वर्षं त्या चौघी गावोगाव फिरल्या. हॉटेलात ती आणि ताई एका खोलीत राहायच्या. ताईला प्रयोगाआधी काही खाणं जमायचं नाही, मग बोका तिच्या मागे केळं घेऊन फिरायची. ताई तिला मेकअप पुसायला शिकवायची, मुलाखतीत कुठल्या प्रश्नाला नुसतं हसायचं ते शिकवायची. बोक्याला सख्खी बहीण नव्हती. ती उणीव ताईनं कधी भरून काढली ते तिचं तिलाही कळलं नाही.

म्हणूनच तो दिवस तिला लागला. कंपनीच्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, मॅडम पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांबद्दल बोलत होत्या. ताईनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "मी नाहीये पुढच्या वर्षी."

कुणाला काही कळेना. जोडगोळीतली एक म्हणाली, "म्हणजे सुट्टी?"

"म्हणजे बास. वर्ष झालं, सकाळी उठल्यावर मला गावंसं वाटत नाही. संध्याकाळी गाते, कारण गावं लागतं. भावाची रोपवाटिका आहे, तिथं जाणार आहे मी."

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. ताईला एकटीला पुढे आणायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, त्यासाठी तीन गाणी तयारही करून घेतली होती. त्यांचं समजावून झालं, ओरडून झालं, रडूनही झालं. ताई ढिम्म हलली नाही.

बाहेर जिन्यात बोक्यानं तिला गाठलं. "मला तरी सांगायचंस! एका खोलीत राहतो आपण."

"तुला सांगितलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मी थांबले असते," ताई म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ताईशिवाय ग्रुपला अर्थ नव्हता. जोडगोळीनं नाचाचे वर्ग काढले. उरली बोका, आणि कंपनीकडे उरली ती तीन गाणी. मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "गाणी ताईची आहेत, पण तू ती चार तासांत उचलशील. एकटीचं नाव, एकटीचा फोटो. अशी संधी दारात चालून येते कधी?"

लक्ष्मी टिळा लावायला येते तेव्हा तोंड धुवायला जाऊ नये, हे तिलाही कळत होतं. ती हो म्हणाली.

गाण्यांचा संगीतकार जेमतेम पस्तिशीचा, पण मुली त्याला आजोबा म्हणत. खांद्यावर कायम शाल, आणि कुठल्याही स्टुडिओत शिरला की पहिलं वाक्य, "वारा कुठून येतोय?" माणूस मात्र कामात चोख. त्यानं बोक्याला काचेआड उभं केलं, कानावर हेडफोन दिले आणि ताईनं नमुन्यासाठी गाऊन ठेवलेलं गाणं लावलं. "ऐक, आणि बरोबर गा."

ती गायली. आजोबांनी गाणं थांबवलं. "खाली गातेयस."

"सॉरी."

परत लावलं. परत ती पहिल्या ओळीत चालीवर होती आणि दुसऱ्या ओळीपर्यंत ताईच्या खाली जाऊन बसली होती. तिचा गळा आपोआप तिथं जायचा, घरी पोचलेल्या माणसाचा हात दिव्याच्या बटणावर जावा तसा. दहाएक वेळा हेच झाल्यावर आजोबांनी ताईचा आवाज काढून टाकला. नुसतं वाद्यांचं वाजप ठेवलं. आता बोका चालीवर राहिली खरी, पण सूर बरोबर असूनही गाणं रिकामं वाटत होतं. उंच जागा घेताना तिचा आवाज बारीक व्हायचा, चिमटा काढल्यासारखा. ती ताईसारखं उच्चारायला लागली, ताईसारखा श्वास सोडायला लागली. आजोबा काचेपलीकडून शाल आवळत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "झालं. घेऊ जुळवून."

गाणं बाहेर आलं. पोस्टरवर ती एकटी, मधोमध. पहिल्या आठवड्यात जुन्या चाहत्यांनी कौतुक केलं. मग लोक खरं बोलायला लागले. कुणी लिहिलं, ताईची नक्कल. कुणी लिहिलं, बोक्यानं वाघाचं कातडं पांघरलंय. पण तिच्या जिव्हारी लागलं ते एका मुलीचं साधं, अगदी सभ्य वाक्य: 'गाणं चांगलं आहे, पण सबंध वेळ वाटत राहतं की खरी गायिका आता येईल.'

एका नव्या मॉलच्या उद्घाटनाला तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम झाला. सरकत्या जिन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत स्टेज होतं. तालमीच्या वेळी दिवेवाला वरून ओरडला, "मॅडम, मधे या ना!" जमिनीवर चिकटपट्टीची फुली होती. ती फुलीवर गेली. गाणं सुरू झाल्यावर तो परत ओरडला, "मधे!" तिनं खाली पाहिलं तर ती फुलीच्या डावीकडे चांगली चार पावलं सरकली होती. संध्याकाळी लोक जिन्यांवरून वर जाताना तिच्याकडे बघत होते, खाली येतानाही बघत होते. थांबलं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. जिन्यातल्या त्या भेटीनंतरचा पहिला.

"ऐकलं मी," ताई म्हणाली. "खरं सांगू की गोड सांगू?"

"खरं."

"वाईट झालंय. तू मी व्हायला बघतेयस. मला स्वतःलाच मी व्हायचा कंटाळा आला होता, तू कशाला होतेस?"

बोक्याचा इतक्या महिन्यांचा राग तोंडावाटे बाहेर पडला. "तू सोडून गेलीस! भरल्या ताटावरून उठलीस आणि ते ताट माझ्यापुढे सरकवलंस. आता जेवणारीला नावं ठेवतेस? उंटावरून शेळ्या हाकू नकोस, ताई. रोपांना पाणी घाल जा." आणि तिनं फोन बंद केला.

दुसरं गाणं मॅडमनी काढलंच नाही. "थोडं थांबू या," त्या म्हणाल्या. या धंद्यात थोडं थांबू या म्हणजे काय ते बोक्याला माहीत होतं. तिनं बॅग भरली आणि घरी आली.

ती न कळवता आली होती. दुपारची वेळ. दुकानात एक बाई खुर्चीत बसलेली, आई तिचे केस कापत होती, आणि खोलीत फक्त कात्रीचा आवाज येत होता. बोका दारात थबकली. हे दुकान तिनं असं गप्प कधी ऐकलं नव्हतं.

आईनं आरशात तिला पाहिलं. वळली, हसली, तोंड उघडलं. आतून आली ती नुसती हवा, त्यात शब्द जेमतेम गुंडाळलेले. "आलीस? सांगायचं तरी."

"आई, आवाजाला काय झालं?"

आईनं गळ्याभोवतीचा रुमाल थोडा खाली केला. गळ्यावर आडवी गुलाबी रेघ होती.

बाबा कामावरून आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. गळ्यात गाठ होती. साधी निघाली, देवाची कृपा. पण ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला. ऑपरेशन झालं तेव्हा बोका ग्रुपच्या शेवटच्या दौऱ्यावर होती. "आईनंच बजावलं होतं, पोरीला सांगायचं नाही म्हणून. म्हणाली, दौरा सोडून पळत येईल."

बोक्याला आठवलं. कित्येक महिने आई फोनवर आलीच नव्हती. मेसेज करायची. फोन केला की बाबा उचलायचे, आई कामात आहे म्हणायचे, आणि हिला ते पटायचं. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि हमसाहमशी रडली. आईनं तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि केसांची टोकं बोटात धरून बघितली. कुजबुजली, "फाटलीत. कोण कापतं तुझे?"

"आता बघ ना," बाबा म्हणाले. "अख्खा संसार मी गप्प राहून काढला. म्हातारपणी बोलायची पाळी आली. गिऱ्हाइकांचे फोनसुद्धा मीच घेतो. परवा एकीला वेळ देताना म्हणालो, पुढच्या स्टॉपला उतरा."

आई हसली. हसण्याचाही आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलले.

बोका राहिली. सकाळी दुकान झाडायची, टॉवेल धुवायची, बेसिनपाशी उभी राहायची. ओळखीच्या बायका सुरुवातीला बिचकल्या, मग सरावल्या. प्रसिद्ध झाली म्हणून काय, केस धुताना पाणी कानात गेलं की त्या पूर्वीसारख्याच ओरडायच्या. पण ते गप्प दुकान तिला सहन होईना. रेडिओ लावला तर आई बंद करायची. दुसऱ्याचं गाणं ऐकून तिचा गळा आतून हलायचा आणि दुखायचा.

एक दिवस शाळेतल्या निवृत्त बाई केस धुवायला आल्या. अख्ख्या गल्लीला त्यांनी बाराखडी शिकवलेली, अजूनही रस्त्यातल्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतील. मान मागे टाकून, डोळे मिटून त्या बसल्या होत्या. कोमट पाणी, फेस, बोटांची लय. आपण गातोय हे बोक्याच्या लक्षातच आलं नाही. आईचं आवडतं एक गाणं होतं, साबणाच्या जुन्या जाहिरातीचं. त्याच्या खालचा स्वतःचा सूर ती गात होती, अगदी मनातल्या मनात गावं तसा. वर कुणी नव्हतं.

"कुठलं गाणं गं हे?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"ते साबणाचं, बाई. आई गायची ते."

"काहीतरीच! ते मला पाठ आहे. हे ते नाही."

"तेच आहे. म्हणजे, त्याच्या खालचं आहे."

"खालचं-वरचं मला कळत नाही. हे वेगळं गाणं आहे. म्हण पुढे."

बोका ओशाळली आणि तिनं नळ जोरात सोडला. पण कापायच्या खुर्चीमागून आई आली. तिला बोलायला श्रम पडत, म्हणून ती जवळ येऊन, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलायची. "बाई बरोबर बोलतायत. हे तुझंच आहे. लहानपणापासून गातेस. वर मी कोकलत असायचे, म्हणून कुणाला ऐकू आलं नाही."

"आई, ती नुसती साथ आहे गं."

"मग म्हणून दाखव की," आई कुजबुजली. "आता कोकलायला कोण आहे?"

तिनं म्हटलं. आधी लाजत, मग जरा मोकळं. ओळ खाली खाली जायची, एका सुरावर रेंगाळायची, जिथं वर चढावंसं वाटे तिथं चढायची नाही, आणि त्या न चढण्यातच काहीतरी हळवं होतं. बाईंच्या डोक्यावरचा फेस गळून कपाळावर आला तरी त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

पण एका दुपारीत कुणाचं नशीब पालटत नाही. बोक्यानं आजोबांना फोन केला तेव्हा ते शिंकत होते. "खालच्या ओळी घेऊन गाणी करायची? बरी आहेस ना?" तरी त्यांनी बोलावलं. पहिले दोन आठवडे फुकट गेले. ग्रुपच्या गाण्यातली तिची प्रत्येक ओळ काही गाण्याजोगी नव्हती. एका गाण्यात तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून होती. ती ओळ सुटी करून ऐकल्यावर आजोबा गंभीरपणे म्हणाले, "आमच्या सोसायटीचा जनरेटर असाच गातो." दोघं पोट धरून हसली. खूप दिवसांनी ती स्टुडिओत हसली होती.

मग त्यांनी जुनं सगळं बाजूला ठेवलं. ओळी तशाच्या तशा घ्यायच्या नाहीत. ती ज्या वाटेनं जाते ती वाट घ्यायची. आजोबा पेटीवर एखादी उंच चाल वाजवायचे, ती तिच्याखाली गायची, मग आजोबा हात उचलायचे आणि ती एकटीच पुढे जायची. कधी चार पावलांत कोलमडायची. कधी मात्र जायची, आणि आजोबा शाल सावरायचं विसरायचे. शब्द दोघांनी मिळून बसवले, साधे, बोलण्यातले. एक गाणं आईच्या गप्प दुकानावर झालं. एक बसच्या शेवटच्या सीटवर. एक, तिनं कुणाला सांगितलं नाही पण आजोबांना कळलं, जिना उतरून जाणाऱ्या माणसावर.

मॅडमनी ही तीन नवी गाणी ऐकली आणि चेहरा पाडला. "चांगलंय गं. पण नाचणार कोण यावर? अंगाई वाटतेय."

"नाचू नका ना," बोका म्हणाली. असं ती पूर्वी कुणाला म्हणाली नसती.

मॅडमनी गाणी गुपचूप बाहेर सोडली. ना पोस्टर, ना बस. महिनाभर काही घडलं नाही. मग हळूहळू लोक दुकानाचं गाणं स्वतः गाऊन इकडेतिकडे टाकायला लागले. आवाज फुटलेले शाळकरी मुलगे, सर्दी झालेल्या नर्सेस, खर्जातल्या आवाजाच्या आज्या, ट्रक पुसता पुसता गाणारा एक जाडजूड माणूस. गाजणारी गाणी बहुतेकांच्या गळ्याबाहेरची असतात, न्हाणीघरातसुद्धा ती अर्ध्यात सोडून द्यावी लागतात. हे गाणं शेवटपर्यंत जायचं. कुणीतरी लिहिलं, 'पहिल्यांदाच एखादं गाणं माझ्या आवाजाच्या मापाचं शिवून आलंय.' बोक्यानं ते आईला वाचून दाखवलं. आईनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

वर्षभरात ती मोठी स्टार वगैरे झाली नाही. ताईच्या वेळी मैदानं भरायची, हिची नाट्यगृहं भरायला लागली, तीही लहान. पण भरायला लागली. आजोबा पेटीवर, एक बाई चेलोवर, आणि ती. स्टेजवर फुली नको, असं ती सांगायची. जिथं उभी राहायची तिथं दिवा यायचा.

एका रविवारी दुपारच्या कार्यक्रमानंतर ती आतल्या खोलीत पाणी पीत बसली होती. आई आली होती, बाबा बाहेर गाडी लावायच्या जागेवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होते. दार वाजलं आणि ताई आत आली. रंग रापलेला, केस आखूड, वेडेवाकडे, बुटांच्या कडांना माती. त्या फोननंतर त्या बोलल्या नव्हत्या.

"तिकीट काढून आले," ताई म्हणाली. "उगाच कुणी फुकट घुसली म्हणायला नको."

बोक्याला उठावं की बसावं कळेना. "आवडलं?"

"तिसऱ्या गाण्याला मी उठून बाहेर गेले."

तिसरं गाणं जिन्याचं होतं.

"वाईट वाटून नव्हे," ताई म्हणाली. "म्हणजे वाटलंच. पण जास्त हेवा वाटला. खरंच सांगते, पोटात दुखायला लागलं. बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उरलेलं सगळं ऐकलं. गाणं सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. रोपं मला आवडतात, ती टाळ्या मागत नाहीत. पण आज वाटलं, ही जागा माझी होती आणि ती मी माझ्या हातानं सोडली."

"ही तुझी नव्हती गं," बोका हळूच म्हणाली. "तुझी होती ती मी घेऊन बघितली. तीत मी मावले नाही."

ताईनं तिच्याकडे बघितलं आणि हसली. डोळे भरले होते. "बोलायला लागलीस तू. रागावलीयस अजून?"

"थोडी."

"मीही. रोपांना पाणी घाल म्हणालीस ते."

"ते चांगलं नव्हतं."

"चांगलं होतं. रोज पाणी घालताना आठवायचं आणि मी शिव्या घालायचे तुला. दोन्ही कामं एकदम व्हायची."

मग मात्र बोका उठली आणि तिनं ताईला घट्ट मिठी मारली. ताईच्या अंगाला खताचा आणि ओल्या पाल्याचा वास येत होता. कोपऱ्यातल्या आईला इतका वेळ धीर धरवला होता तेच नवल. ती पुढे आली, ताईच्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि कुजबुजली, "हे केस कुणी कापले?"

"मीच, काकू. झाडांच्या कात्रीनं."

आईनं कपाळावर हात मारला. मोठ्यानं बोलता येत असतं तर त्या दिवशी ताईचं काही खरं नव्हतं.

पुढचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात होता आणि ताईची रोपवाटिका त्याच वाटेवर. बोक्यानं तिला गाडीत घेतलं. आजोबा पुढच्या सीटवर, काच नीट लागत नाही म्हणून ड्रायव्हरशी भांडत होते. ताई मागे बोक्याशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. शहर मागे पडल्यावर ती म्हणाली, "एक सांगू? सुरुवात दुकानाच्या गाण्यानं करू नकोस."

"का? लोकांना तेच हवं असतं."

"म्हणूनच. लोक खुर्च्या शोधत असतात, कुणी मोबाइल बंद करत असतं, तुझं सगळ्यांत चांगलं गाणं त्यात वाया जातं. बसचं गाणं आधी घे. ते चालू असताना माणसं आपसूक बसतात."

पुढून आजोबा शाल नाकावर धरून म्हणाले, "दीड वर्षं हेच सांगतोय मी हिला."

"कधी सांगितलंत?" बोका म्हणाली.

"मनात," आजोबा म्हणाले.

रोपवाटिकेच्या फाटकापाशी ताई उतरली, हात हलवून आत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुढच्या शहरात बोक्यानं बसच्या गाण्यानं सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे बसलेले होते.